ओली विरी

नागावात सखुबाईचा हात माहीत नसलेला माणूस म्हणजे एक तर कालच उतरलेला पर्यटक, नाही तर पाळण्यातलं पोर. चाळीस वर्षं तिनं गावाची हाडं बसवली. माडावरून पडलेले, होडीतून उतरताना मुरगळलेले, वरातीत नाचताना घसरलेले, सगळे तिच्या पडवीत येऊन आडवे व्हायचे. ती दुखरा पाय मांडीवर घ्यायची, डोळे मिटून बोटांनी चाचपायची आणि मध्येच विचारायची की तुझ्या सासुरवाडीला यंदा आंबा कसा काय लागलाय. माणूस सासुरवाडीचा आंबा आठवायला लागला की कट्‌कन आवाज व्हायचा. मग ओरडायचं ते तो ओरडून घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी हे बंद झालं. कॉटेजवर उतरलेल्या एका पाहुण्याचा घोटा तिनं बसवला. घोटा छान बसला, पाहुणा चालत गाडीत जाऊन बसला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वकील भावाचा फोन आला की तुमच्याकडे परवाना कुठला आहे. सखुबाईचा मुलगा मितेश किनाऱ्यावर पर्यटकांच्या बोटी चालवायचा. पर्यटकांवरच घर चालत होतं. त्यानं आईपुढं हात जोडले. यापुढं कुणाच्या हाडाला हात लावणार नाही, असं तिनं कबूल केलं. कबूल केलं खरं, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. रस्त्यानं कुणी लंगडत चाललं की ती झाडू थांबवून बघत राहायची आणि दिनानाथला, म्हणजे नवऱ्याला सांगायची, "दुखनं खुब्यात हाय त्याचं. डॉक्टर गुडघ्याला मलम लावतोय." दिनानाथ हुं म्हणायचा. तो कशालाही हुं म्हणायचा.

दोघं नवरा-बायको तीस वर्षं प्रमोदिनीबाईंच्या वाडीत कामाला होती. प्रमोदिनीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगा पुण्याला, यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. वीस सालच्या वादळानं निम्मे माड झोपवले होते. उरलेल्या माडांत नि पोफळींत बाई आणि त्यांची कुत्री भिंगरी, एवढंच घर. भिंगरी पांढरी, कानांवर तांबूस, मांजरापेक्षा थोडी मोठी. आनंद झाला की स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी. बाईंचा दिवस तिच्याशी बोलण्यात जायचा. शाळेत मुलांना जे ऐकवता आलं नाही ते सगळं त्या कुत्रीला ऐकवतात, असं गावात म्हणत. ते अगदीच खोटं नव्हतं.

माघातल्या एका रविवारी दिनानाथ माडांच्या वाळक्या झावळ्या उतरवत होता. झावळी सोडण्याआधी वरून तीनदा ओरडायचं, ही वाडीची रीत. तो ओरडला. सखुबाई सुपाऱ्यांची पाटी घेऊन बाजूला झाली, बाई ओटीवर गेल्या. भिंगरीला मात्र वाटलं की दिनानाथ आपल्याला हाक मारतोय. ती धावत माडाच्या बुंध्याशी आली आणि झावळीचा जाड देठ तिच्या पुढच्या डाव्या पायावर आला.

रविवार, जनावरांचा दवाखाना बंद, मितेश गर्दीच्या दिवशी बोटीवर. बाई फोन शोधत आत-बाहेर करत होत्या तोवर सखुबाईनं कुत्री पदरात घेऊन मांडी घातलीसुद्धा होती. चावू नये म्हणून कुत्रीच्या तोंडाभोवती फडकं गुंडाळलं होतं. बाईंनी सखुबाईकडे पाहिलं.

"मानसाला हात लावनार न्हाय असं बोल्ले व्हते मी मितेशला," सखुबाई म्हणाली. "कुत्र्याचं कायच बोल्ले न्हाय."

तिनं डोळे मिटले. कोपराखाली दोन्ही हाडं सरकली होती. पाय केवढा, तर तिच्या अंगठ्याएवढा. दोन वर्षं बोटांना हे काम नव्हतं, तरी बोटं आपणहून वाट काढत गेली. तिनं ओढलं, किंचित वळवलं, आणि हाड जागेवर आलं. भिंगरीच्या घशातून एकच बारीक आवाज निघाला. सखुबाईला त्या क्षणी जो आनंद झाला त्याची तिला नंतर फार लाज वाटली. पण झाला होता, हे खरं.

आता बांधायचं कशानं? माणसाला ती बांबूच्या कामट्या लावायची. इतक्या बारक्या पायावर कामटी बसेना. तिची नजर पोफळीखाली गेली. पोफळीची झावळी गळते तेव्हा तिच्या बुडाशी चामड्यासारखी रुंद साल असते, ती विरी. पोरं तिच्यात बसून एकमेकांना ओढतात, बायका तिचे द्रोण करतात. कोरडी विरी वळवायला गेलं की मोडते, म्हणून आधी भिजवायची. सखुबाईनं एक विरी बादलीत बुडवून ठेवली. मऊ झाल्यावर कोयतीनं वीतभर पट्टी कापली, पायावर आंबेहळदीचा लेप दिला, वरून पट्टी नीट गुंडाळली आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधली. पट्टी पायाला अशी बसली की बाईंनी कौतुकानं हात फिरवला.

रात्रभर भिंगरी कण्हत होती. सकाळी सखुबाईनं बाईंना सांगितलं की पहिला दिवस असाच जायचा. दुसऱ्या दिवशी भिंगरी पट्टी चावायला लागली. बाईंनी विचारलं, आवळ तर नाही ना बसली? सखुबाईला ते लागलं. "तुमचं मनगट कुनी बसवलं व्हतं बाई?" ती म्हणाली. बाई गप्प झाल्या, कारण मनगट तिनंच बसवलं होतं आणि त्याच हातानं बाईंनी पुढं अकरा वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी भिंगरी शांत झाली. कण्हणं बंद, चावणं बंद. पोत्यावर पडून राहिली. सखुबाई समाधानानं म्हणाली की लागू पडलं.

वाडीत वारा कोरडा होता, ऊन कडक होतं. चौथ्या दिवशी दिनानाथ बादली रिकामी करत होता. तळाशी उरलेला विरीचा तुकडा त्यानं उचलून पाहिला.

"ओलीच बांधलीस?" त्यानं विचारलं.

"मग कोरडी कशी वळंल?" सखुबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या हातातली सुपारी खाली पडली.

ओली विरी वाळताना मिटते, हे त्या वाडीत शेंबडं पोरही सांगेल. द्रोण वाळत घालताना त्यात गोटा ठेवावा लागतो, नाही तर सकाळी द्रोणाची वळकटी झालेली असते. सखुबाईनं जन्मभर असे गोटे ठेवले होते. ती धावत ओटीवर गेली. पट्टी लाकडासारखी झाली होती. खालची बोटं सुजून टरटरलेली, काळसर, हाताला गार. तिनं कोयतीचं टोक घालून पट्टी फाडली तरी भिंगरी हलली नाही. मग हळूहळू पायात रक्त उतरायला लागलं आणि कुत्री अशी किंचाळली की बाईंनी कानांवर हात ठेवले. तिनं सखुबाईच्या पंजात दात रोवले. सखुबाईनं हात काढून घेतला नाही.

अलिबागला जाताना मितेश गाडी चालवत होता. मागं बाईंच्या मांडीवर टोपली होती. सखुबाई हाताला फडकं गुंडाळून खिडकीशी बसली होती. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. माणसाला पट्टी बांधली की ती विचारायची, मुंग्या येतात का, बोटं हलव बघू. माणूस सांगायचा, काकू, जरा सैल करा. ती सैल करायची. चाळीस वर्षं जे सगळं आपल्या बोटांचं काम म्हणून ती मिरवत होती, त्यातलं निम्मं समोरच्याच्या तोंडानं केलेलं होतं. भिंगरीनंही सांगितलं होतं. दोन दिवस सांगितलं, मग सांगायची थांबली, आणि त्या थांबण्यालाच आपण गुण आला म्हणालो.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाय पाहिला आणि मान वर न करता विचारलं, "हे कोणी बांधलं होतं?"

मितेश पुढं झाला. "रस्त्यावर कुनीतरी बांधलं मॅडम. आमाला म्हायती न्हाय."

"मी बांधलं," सखुबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हाडाचा फोटो काढला, उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. हाड अगदी सरळ बसलंय, त्या म्हणाल्या, मला स्वतःला याहून चांगलं जमलं नसतं. पण रक्त बंद केलंत तुम्ही आजी. एक बोट जाईल, बाकीची वाचतात का बघू. मग सखुबाईचा हात पाहून त्यांनी तिला आधी सुई घ्यायला पिटाळलं. कौतुक आणि कानउघाडणी एकाच दमात मिळाली. त्यातलं कौतुक ऐकू गेलंच नाही असं सखुबाईनं नंतर दिनानाथला सांगितलं. तो हुं म्हणाला, आणि त्या दिवशी त्यानं तिच्या वाटचंही शिंपणं केलं.

एक बोट गेलं. बाकीचा पाय वाचला. सहा आठवडे कापसाची जाड पट्टी, एक दिवसाआड जखम धुणं, गोळ्या लोण्यातून. हे सगळं बाईंनी केलं, दिनानाथनं केलं, सुट्टीच्या दिवशी मितेशनंही केलं. सखुबाईला करता आलं नाही. तिची चाहूल लागली की भिंगरी तीन पायांवर सरपटत झोपाळ्याखाली जायची आणि दात दाखवायची. ज्याच्या हातून झावळी सुटली त्या दिनानाथचे हात ती चाटायची. सखुबाईच्या हातांचा वास आला तरी तिचं अंग थरथरायचं. बाई कनवाळूपणानं म्हणायच्या, अगं जनावर आहे, विसरेल. सखुबाई मागच्या दारानं ये-जा करायला लागली.

फाल्गुन संपता संपता पट्टी निघाली. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून, वाकवून पाहिला. हाड जुळलं होतं, जखम भरली होती. आता तिनं पाय टेकायला हवा, त्या म्हणाल्या. भीतीनं वर धरून ठेवेल तर पाय वाळत जाईल, सांधा आखडेल. लटकता पाय सगळीकडे घासतो, पुन्हा चिघळतो. अक्षय्य तृतीयेनंतर आणा. तोवर टेकला नाही तर खांद्यापासून काढावा लागेल.

मग सगळ्यांनी जंग जंग पछाडलं. बाई रोज कोमट खोबरेल चोळायच्या. दिनानाथ ओहोटीची वेळ बघून तिला किनाऱ्यावर न्यायचा आणि घोटाभर पाण्यात सोडायचा, कारण पाण्यात तरी पाय मारेल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. भिंगरी तीन पायांवर टुणटुण उड्या मारत पाण्याबाहेर यायची आणि त्याच्याकडे हसून बघायची. मितेशनं मोबाइलवर बघून पुढच्या उजव्या, चांगल्या पायाला कागदाचा बूट बांधला, म्हणजे तिला दुखरा पाय वापरावाच लागेल. तिनं बूट खाल्ला. तीन पायांवर तिचं अगदी झकास चाललं होतं. डावा पाय पोटाशी मुडपलेला राहायचा आणि दर आठवड्याला थोडा बारीक दिसायचा.

सखुबाई लांबून बघायची. खांद्याचं मांस उतरतंय हे तिला दुरूनही कळत होतं. हात लावून बघायची सोय नव्हती. तिनं दुसरंच काम काढलं होतं. मागच्या अंगणात दगडावर ती सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवायची आणि दहा पावलांवर पाठ फिरवून सुपारी सोलत बसायची. चार दिवस तुकडा कावळ्यांनी नेला. पाचव्या दिवशी भिंगरीनं नेला. सखुबाई दुसऱ्या दिवशी नऊ पावलांवर बसली. साठी उलटलेली बाई कुत्रीची मनधरणी करतेय, हे बघून शेजारची विनिता कुंपणावरून हसली. सखुबाईनं तिला हसू दिलं. या कुत्रीनं एकदा जवळ यावं, एवढंच तिला हवं होतं. बाकी कुणाची माफी तिला नको होती.

असे पंधरा दिवस गेले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती दोन्ही हातांत झावळ्यांची मोळी पुढं धरून विहिरीचा कोपरा वळली, आणि पलीकडून भिंगरी येत होती. दोघी समोरासमोर. पुढं आलेले ते दोन हात पाहून भिंगरी उलटी फिरली आणि पोफळींमधून पार वाडीमागच्या आगरापर्यंत पळत सुटली. सखुबाईला वाईट वाटलं. पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात गेली, असं पुटपुटत ती मोळी टाकायला वाकली. नुकतंच शिंपणं झालं होतं, माती मऊ होती. मातीत पायांचे ठसे उमटले होते.

ती उकिडवी बसली. एक, दोन, तीन. आणि चौथा. चौथ्या ठशाला तीनच बोटं होती. पुढंही तसाच ठसा, त्याच्याही पुढं. नऊ ठिकाणी. तिनं दिनानाथला हाक मारून दाखवलं. दिनानाथ बराच वेळ बघत राहिला. तोवर भिंगरी त्याचा आवाज ऐकून आगरातून परत आली. तीन पायांवर.

"भ्याली तवा विसरली," दिनानाथ म्हणाला. त्या महिन्यातलं ते त्याचं सगळ्यात लांब वाक्य असावं.

सखुबाईनं मान हलवली. तिला कळायचं ते कळलं होतं, पण ती बाईंना बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बोंबील घेऊन बसली. आपण काय करणार आहोत हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. अक्षय्य तृतीयेला अकरा दिवस होते. मग दहा. मग नऊ.

नऊ दिवस उरले त्या दिवशी तिनं तुकडा दगडावर ठेवला नाही. तळहातावर ठेवला आणि हात मांडीवर पसरून बसली. ऊन वर आलं होतं. बाई ओटीवर पेपर वाचत होत्या. भिंगरी पोफळीआडून निघाली, थांबली, वास घेतला, परत गेली, परत आली. शेवटी ती अगदी जवळ आली. तिनं मान लांब करून तुकडा उचलला, तिथंच उभी राहून खाल्ला, आणि मग रिकामा तळहात चाटला. जिथं तिचेच दात लागले होते तिथंही चाटलं. ओली, खरखरीत जीभ. सखुबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, कारण हात हलवायचा नव्हता. भिंगरीनं कूस तिच्या गुडघ्याला टेकवली. डावा पाय तिच्या नजरेसमोर होता. पोटाशी मुडपलेला, काडीसारखा. खांद्याचं हाड कातडीखालून वर आलेलं.

कितीतरी वेळ ती तशीच बसून राहिली. एवढं मिळालं, आता उद्यापासून बघू, असं तिच्या मनात आलं. मग उद्या म्हणजे आठ दिवस, हेही आलं.

ती उठली. दोन्ही हात पुढं केले, हाड बसवताना करायची तसे, बोटं पसरून, आणि दणादण पाय आपटत भिंगरीच्या अंगावर गेली. क्षणभर कुत्रीला काही उमजलंच नाही. ती तशीच मान वाकडी करून बघत राहिली. मग तिला ते हात ओळखू आले. ती किंचाळली आणि पळाली.

बाईंच्या हातातला पेपर गळला. "सखू, काय करतेस तू?" त्या ओटीवरून ओरडल्या. "वेड लागलंय का? आत्ता कुठे जवळ आली होती ना तुझ्या!"

"बाई, माझ्याकडं नका बघू," सखुबाई धापा टाकत म्हणाली. "तिच्या पायाकडं बघा."

भिंगरी विहिरीपाशी जाऊन थांबली होती. चारही पायांवर उभी राहून ती सखुबाईवर भुंकत होती. बाई पायऱ्या उतरून खाली आल्या आणि भिंगरीच्या पायाकडे बघत उभ्या राहिल्या. भिंगरीनं हळूच डावा पाय पुन्हा वर घ्यायला सुरुवात केली. ते बघून सखुबाईनं पदर खोचला, दोन्ही हात पुढं केले आणि ती विहिरीकडे चालू लागली.